हशा, किस्सा आणि पडताळा

कोपनहेगनमध्ये ब्लेगडाम्सवाय नावाच्या रस्त्यावर नील्स बोरची सैद्धांतिक भौतिकीची संस्था १९२१ साली सुरू झाली. १९२९ पासून तिथे वसंतात निवडक भौतिकशास्त्रज्ञ जमू लागले. दिवसभर फळ्यासमोर वादावादी चाले आणि त्याच्या जोडीला तरुण मंडळींची थट्टामस्करीही. १९३२ च्या एप्रिलमधली बैठक खास होती. ग्योथेच्या मृत्यूला १०० वर्षं झाली होती, म्हणून या मंडळींनी त्याच्या ‘फाउस्ट’चं विडंबन रचलं. संहिता मुख्यतः मॅक्स डेल्ब्रूक या पंचविशीतल्या तरुणाची. विडंबनातला परमेश्वर म्हणजे बोर, त्याच्याशी हुज्जत घालणारा सैतान मेफिस्टोफेलिस म्हणजे वुल्फगांग पाउली आणि ज्याला मोहात पाडायचं तो विद्वान फाउस्ट म्हणजे पॉल एरेनफेस्ट. नायिका ग्रेटचेन म्हणजे पाउलीने कल्पिलेला, तोवर कुणाच्याही हाती न लागलेला एक कण. पाउली त्या वर्षी आला नव्हता. बोर मात्र प्रेक्षकांत होता.

या प्रहसनाची गंमत कळायला त्यामागचं भांडण माहीत हवं. काही किरणोत्सारी अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण प्रत्येकाची ऊर्जा वेगळी भरते. हिशोब मांडला की थोडी ऊर्जा गहाळ झालेली दिसते. बोरचं म्हणणं असं, की अणुगर्भाच्या आत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच कदाचित लागू पडत नसेल. पाउलीला हे मुळीच पटत नव्हतं. ४ डिसेंबर १९३० रोजी त्याने ट्यूबिंगेनला जमणाऱ्या सहकाऱ्यांना पत्र धाडलं. मायन्यात त्याने त्या सगळ्यांनाच किरणोत्सारी ठरवलं होतं. गहाळ ऊर्जा घेऊन पसार होणारा, विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण असावा, ही कल्पना त्या पत्रात होती. झुरिचमध्ये नृत्यसमारंभ असल्यामुळे आपल्याला येता येत नाही, हेही होतं. आज आपण ज्याला न्यूट्रिनो म्हणतो तो कण भौतिकीत आला तो या हलक्याफुलक्या पत्रातून. प्रहसनातला सैतान फाउस्टच्या गळ्यात मारू पाहतो तो हाच कण. पुढे १९५६ साली क्लाइड कावन आणि फ्रेडरिक राइन्स यांनी अणुभट्टीजवळच्या प्रयोगात तो पकडला आणि पाउलीला तार केली. पत्रापासून तारेपर्यंत २६ वर्षं गेली. वाद ऐन भरात असतानाच त्याचं नाटक झालं होतं, आणि पुढे ज्याचं म्हणणं चूक ठरलं तो संस्थेचा प्रमुख समोर बसून ते पाहत होता.

या संग्रहाची प्रस्तावना मी इथून सुरू करतो, कारण वैज्ञानिक मित्रमंडळींतल्या विनोदाचं मर्म मला या प्रसंगात सर्वांत स्वच्छ दिसतं. ज्या खोलीत प्रमुखाची नक्कल बिनधास्त होते, त्या खोलीत त्याचं मतही बिनधास्त खोडता येतं. ‘सर, तुमचं चुकतंय’ हे वाक्य नवख्या विद्यार्थ्याच्या तोंडून सहज निघत नाही. आदर आड येतो, भीती आड येते, उद्या शिफारसपत्र कोण देणार हा विचारही आड येतो. एकत्र हसण्याची सवय असलेल्या मंडळींत ते वाक्य लवकर निघतं. केंब्रिजमध्ये अर्नेस्ट रदरफर्डचा दरारा मोठा होता. रशियातून आलेल्या प्योत्र कापित्साने त्याचं नाव ‘मगर’ पाडलं. १९३३ साली कापित्साची मॉन्ड प्रयोगशाळा बांधून झाली, तेव्हा तिच्या विटांच्या भिंतीवर त्याने एरिक गिल या शिल्पकाराकडून चक्क मगर कोरून घेतली. ती आजही तिथे आहे. गुरूवरची माया आणि गुरूची थट्टा एकाच भिंतीवर नांदू शकते, हे ज्यांना उमगलं त्यांच्या हातून विसाव्या शतकातलं पुष्कळसं विज्ञान घडलं.

हा संग्रह अशाच एका मित्रमंडळाने जमवला आहे. कुणी रसायनाचा, कुणी गणिताचा, कुणी अभियंता, कुणी शाळेत विज्ञान शिकवणारी. चहाच्या टेबलावर एकाने विनोद सांगायचा, दुसऱ्याने त्याला जोड द्यायची, तिसरीने इतिहासातला एखादा चक्रम किस्सा काढायचा आणि चौथ्याने विचारायचं, ‘हे कुठे वाचलंस?’ हा चौथा प्रश्न या मंडळींनी कधी टाळला नाही, म्हणून हे पुस्तक नुसतं चुटक्यांचं राहिलेलं नाही. जगात अशा संग्रहांची परंपरा चांगलीच जुनी आहे. बोरच्या पन्नासाव्या वाढदिवशी, १९३५ साली, त्याच्या शिष्यांनी विनोदी भौतिकीचं एक नियतकालिक काढून त्याला भेट दिलं. साठाव्या आणि सत्तराव्या वाढदिवसालाही त्याचे अंक निघाले. सोव्हिएत संघात ओब्निन्स्क या विज्ञाननगरीतल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी १९६६ साली ‘भौतिकशास्त्रज्ञ थट्टा करतात’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह केला. तो इतका गाजला की १९६८ मध्ये दुसरा भाग काढावा लागला. इंग्रजीत रॉबर्ट वेबर यांनी संकलित केलेला ‘अ रँडम वॉक इन सायन्स’ १९७३ साली आला. मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा मोठी आहे, चरित्रं आहेत, विज्ञानकथा आहेत. वैज्ञानिकांच्या हसण्याकडे मात्र आपण त्या मानाने कमी लक्ष दिलं, म्हणून हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं.

आता विनोदांकडे वळू. विज्ञानातले चांगले विनोद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतात: किती म्हणायचं आणि कुठे थांबायचं? दोन नमुने पाहा. स्कॉटलंडमधून आगगाडी चालली आहे. खिडकीतून एक काळी मेंढी दिसते. डब्यातला अभियंता म्हणतो, ‘अरे वा, इथल्या मेंढ्या काळ्या असतात.’ भौतिकशास्त्रज्ञ म्हणतो, ‘असं कसं? इथल्या काही मेंढ्या काळ्या असतात, एवढंच म्हण.’ गणिती चष्मा पुसत म्हणतो, ‘स्कॉटलंडमध्ये निदान एक मेंढी आहे आणि तिची निदान एक बाजू काळी आहे.’ दुसरा विनोद संग्रहालयातला. डायनोसॉरच्या सांगाड्यापाशी उभा असलेला रखवालदार पाहुण्यांना सांगतो, ‘हा सांगाडा सहा कोटी पन्नास लाख नऊ वर्षांचा आहे.’ इतकं नेमकं कसं कळलं, असं विचारल्यावर तो म्हणतो, ‘मी कामाला लागलो तेव्हा साहेबांनी सहा कोटी पन्नास लाख सांगितलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली.’

पहिल्या विनोदात पुराव्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा धडा आहे. दुसऱ्यात मोजमापाच्या अनिश्चिततेचा. सहा कोटी पन्नास लाख या आकड्यातच लाखो वर्षांची ओढाताण असते, त्यात नऊ मिळवून नेमकेपणा वाढत नाही. सार्थ अंकांचं प्रकरण वर्गात तासभर शिकवूनही विद्यार्थी गणकयंत्रावरचे सगळे दशांश उतरवून काढतात. रखवालदाराची गोष्ट ऐकलेला विद्यार्थी निदान एकदा थबकतो. शिक्षकांनी हा विभाग हाताशी ठेवावा, अशी माझी मनापासून सूचना आहे.

विडंबनाचा विभाग याच्या पुढची पायरी आहे, आणि त्यातला १९३१ सालचा नमुना मला थोडा जवळून दाखवायचा आहे. त्या काळी आर्थर एडिंग्टन या थोर खगोलशास्त्रज्ञाला एका संख्येने झपाटलं होतं. प्रकाश आणि विद्युतभारित कण यांच्यातल्या देवघेवीचं बळ ठरवणारा एक स्थिरांक आहे. त्याला सूक्ष्मरचना स्थिरांक म्हणतात आणि तो सुमारे १३७ व्या भागाइतका भरतो. ही संख्या प्रयोग न करता निव्वळ विचाराने सिद्ध करता येते, असा एडिंग्टनचा दावा होता. आधी त्याने १३६ काढले, मग १३७. केंब्रिजमध्ये असलेल्या ग्वीडो बेक, हान्स बेथे आणि वोल्फगांग रीत्सलर या तीन तरुणांनी ‘नाटुरविसनशाफ्टन’ या मान्यवर जर्मन नियतकालिकाकडे एक छोटं टिपण पाठवलं. शैली गंभीर, परिभाषा चोख. निष्कर्ष असा, की निरपेक्ष शून्य तापमान या स्थिरांकावरून काढता येतं: १३७ ची दुप्पट करा, एक वजा करा, २७३ येतात. निरपेक्ष शून्य उणे २७३ अंश सेल्सियस असतंच! जानेवारी १९३१ मध्ये टिपण छापून आलं. ते विडंबन आहे हे ध्यानात आल्यावर संपादक आर्नोल्ड बर्लिनर चिडले, आणि मार्चमध्ये खुलासा छापावा लागला.

गोम कुठे आहे? सेल्सियसचा अंश माणसांनी पाण्याच्या गोठण्या-उकळण्यावरून ठरवला आणि मधल्या अंतराचे १०० भाग केले. फॅरनहाइटची मोजपट्टी घेतली तर तेच निरपेक्ष शून्य उणे ४५९ च्या पुढे जातं आणि जुळणी कोलमडते. विश्वाच्या मुळाशी असलेल्या संख्येचा आपण सोयीसाठी पाडलेल्या शंभर भागांशी काय संबंध? एवढी एक शंका काढली असती तर टिपण संपादकाच्या टेबलावरच थांबलं असतं. आकडे जुळले म्हणजे कारण सापडलं, हा मोह आपल्याकडेही काही कमी नाही. कुठल्या तरी जुन्या ग्रंथातल्या संख्येला कशाने तरी गुणायचं, प्रकाशाचा वेग आला म्हणून टाळ्या घ्यायच्या, असले संदेश घराघरांत फिरतात. बेक, बेथे आणि रीत्सलर यांचं टिपण अशा वेळी दाखवण्याजोगं आहे.

यातला बेथे १७ वर्षांनी पुन्हा भेटतो, आणि या वेळी थट्टेची दुसरी बाजू समोर येते. जॉर्ज गॅमो आणि त्याचा विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेत मूलद्रव्यं कशी घडली असतील यावर निबंध तयार केला. गॅमोला ग्रीक मुळाक्षरं सुचली: आल्फर, बेथे, गॅमो म्हणजे आल्फा, बीटा, गॅमा. त्याने बेथेचं नाव मध्ये घातलं. बेथेचा त्या कामाशी काही संबंध नव्हता, पण त्याने हरकत घेतली नाही. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या १ एप्रिल १९४८ च्या अंकात आला आणि जगभर लोक हसले. आल्फर मात्र हसला नाही. तो तरुण होता, प्रबंधाचं काम त्याचं होतं, आणि दोन प्रख्यात नावांच्या मध्ये आपलं नाव दिसेनासं होईल ही त्याची धास्ती पुढे खरी ठरली. त्याच वर्षी त्याने रॉबर्ट हर्मनबरोबर विश्वभर उरलेल्या प्रारणाचं तापमान सुमारे ५ केल्व्हिन असावं, असं भाकीत केलं. १९६५ मध्ये ते प्रारण आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना सापडलं आणि त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. आल्फर-हर्मन यांच्या भाकिताची आठवण फार थोड्यांना राहिली. अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक आल्फरला २००७ च्या जुलैमध्ये दिलं गेलं, आणि पुढच्याच महिन्यात तो वारला.

संपादकांनी ही गोष्ट हास्यविभागात ठेवूनही तिचा शेवट गाळला नाही, याचं मला विशेष वाटतं. विनोद कुणाच्या खर्चाने होतो, हे पाहिलंच पाहिजे. कापित्साने रदरफर्डची थट्टा केली ती खालून वर जाणारी होती. गॅमोच्या थट्टेचा भार हाताखालच्या विद्यार्थ्यावर पडला. गॅमोच्या मनात काही वाईट नव्हतं, तरीही आल्फरचं नुकसान झालं ते झालंच. मित्रमंडळ कितीही मोकळं असो, ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने हसवताना समोरच्याचं श्रेय सांभाळायला हवं.

कुणाचंही नुकसान न करणारा सहलेखक हवा असेल तर तो या संग्रहात आहे, आणि तो मांजर आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातला जॅक हेदरिंग्टन १९७५ साली हेलियम-३ वर एकट्याने निबंध लिहून बसला होता. सगळीकडे ‘आम्ही’ असं लिहिलेलं. एका सहकाऱ्याने सांगितलं, की एकच लेखक असेल तर नियतकालिक हे चालवून घेणार नाही. तो टंकलेखन यंत्राचा काळ. सगळा मजकूर पुन्हा टंकायचा म्हणजे मोठंच काम. त्याने आपल्या चेस्टर या सयामी मांजराला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलार्ड या नावातली पहिली दोन अक्षरं मांजराच्या शास्त्रीय नावाची, तिसरं चेस्टरचं, आणि विलार्ड हे चेस्टरच्या बापाचं नाव. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये निबंध आला. काही प्रतींवर चेस्टरच्या पंजाचा ठसा सहीच्या जागी उमटलेला आहे. निबंधातलं भौतिकशास्त्र मात्र पक्कं होतं, म्हणून गंमत उघड झाल्यावरही त्याची किंमत कमी झाली नाही.

थट्टेखाली खरं काम असलं की ती टिकते, याचा आणखी ठळक दाखला म्हणजे आंद्रे गाइम. नेदरलंड्समधल्या नायमेगन इथे त्याने अतिशय बलवान चुंबकाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत तरंगवून दाखवला. चमत्कार काही नव्हता: पाण्याला चुंबक अगदी क्षीणपणे दूर लोटतं, आणि बेडकाच्या अंगात पाणीच जास्त. क्षेत्र पुरेसं तीव्र केलं की हे क्षीण लोटणं गुरुत्वाकर्षणाला पुरून उरतं. या कामासाठी २००० साली मायकेल बेरीसोबत त्याला इग नोबेल मिळालं. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचा हा पुरस्कार. दहा वर्षांनी, २०१० मध्ये, ग्राफीन या पदार्थावरच्या कामासाठी कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्हबरोबर त्याला भौतिकीचं नोबेल मिळालं. शुक्रवारी संध्याकाळी नेहमीचं काम बाजूला ठेवून वेडगळ वाटणारे प्रयोग करायचे, ही त्याची रीत होती. ग्राफीन हाती लागलं ते याच रीतीतून.

खोडीनेच एखादा भ्रम संपवल्याचंही उदाहरण आहे. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी शहरात रेने ब्लाँदलोने ‘एन-किरण’ शोधल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत क्षीण ठिणगी किंचित उजळताना दिसली की किरण आहेत, असा त्याचा पुरावा. इतर अनेकांनाही ते दिसू लागले, काहींना मात्र दिसेनात. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड नान्सीला गेला. प्रयोगातला ॲल्युमिनियमचा लोलक त्याने अंधारात गुपचूप काढून घेतला. ब्लाँदलोला किरण तसेच, त्याच जागी दिसत राहिले. वुडने ही हकीकत ‘नेचर’मध्ये छापली आणि एन-किरणांची कथा संपत आली. ब्लाँदलो लबाड नव्हता, त्याला खरोखरच दिसत होतं. पाहणाऱ्याला काय दिसायला हवं हे आधी माहीत असेल तर डोळा फसतो, हे वुडच्या एका चलाखीने जितकं पटलं तितकं एखाद्या जाडजूड ग्रंथाने पटलं नसतं.

आता किस्से. विनोद खरा असावा लागत नाही, किस्सा लागतो. त्यामुळे या पुस्तकाचा दुसरा भाग संपादकांना अधिक जड गेला असणार. गोष्ट तोंडातोंडी फिरली की तिची टोकं घासली जातात. ती गोल गुळगुळीत होते, आणि मोठ्या नावाला जाऊन चिकटते. बोरच्या दारावरच्या घोड्याच्या नालेची गोष्ट घ्या. पाहुणा विचारतो, ‘तुझा यावर विश्वास आहे?’ उत्तर येतं, ‘नाही, पण विश्वास नसला तरी ती गुण देते म्हणे.’ बहुतेक ठिकाणी हा बोरचा स्वतःचा प्रसंग म्हणून छापलेला असतो. बोरचा सहकारी हायझेनबर्ग याच्या आठवणींनुसार बोर ही गोष्ट आपल्या एका शेजाऱ्याविषयी सांगायचा. शेजाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, म्हणून नाल बोरच्या दारावर येऊन बसली.

दुसरा किस्सा नोबेल पदकांचा. माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांनी आपली सोन्याची पदकं बोरच्या संस्थेत सुरक्षित ठेवली होती. नाझी राजवटीत जर्मनीबाहेर सोनं पाठवणं हा गंभीर गुन्हा होता, आणि पदकांवर नावं कोरलेली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या. जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने पदकं पुरण्याची सूचना केली. पुरलेलं उकरून काढता येतं, म्हणून बोरला ती पटली नाही. मग हेवेशीने ती अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, विरघळवली. सोनं सहजी विरघळत नाही, त्यात तास गेले. झडती झाली, पण फळीवरच्या त्या द्रावणाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. युद्ध संपल्यावर द्रावण जागेवर सापडलं, सोनं परत मिळवून स्टॉकहोमला पाठवलं गेलं, आणि नोबेल प्रतिष्ठानाने त्याच सोन्याची पदकं पुन्हा पाडून दिली. फ्रांकला त्याचं पदक १९५२ मध्ये मिळालं.

हा किस्सा सांगताना अनेकजण बोरचं पदकही त्यात विरघळवून टाकतात. ते चूक आहे. बोरने आपलं पदक आधीच, मार्च १९४० मध्ये, युद्धात होरपळलेल्या फिनलंडच्या मदतीसाठी लिलावात दिलं होतं. खरी गोष्ट फिरत्या गोष्टीपेक्षा अधिक समृद्ध निघाली, कारण तिच्यात हेवेशीची युक्ती आहे आणि बोरचं दातृत्वही. संपादकांनी किस्से तपासले तेव्हा पुष्कळदा हेच घडलेलं दिसतं. पडताळ्याने गोष्टीतला रस जातो, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

हाच हेवेशी तरुणपणी, १९११ च्या सुमारास, मँचेस्टरमध्ये रदरफर्डकडे काम करत असताना एका घरी जेवणासह राहत होता. घरमालकीण उरलेलं अन्न पुढच्या दिवसांत नव्या पदार्थात ढकलते, असा त्याचा संशय. ती कानांवर हात ठेवी. एका रविवारी त्याने ताटातल्या उरल्यासुरल्यात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळला, आणि काही दिवसांनी विद्युतदर्शक जेवणाच्या टेबलावर आणला. समोरच्या पदार्थाने शिळ्याची साक्ष दिली. खाणावळीत दिवस काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. किरणोत्सारी खुणेने एखाद्या पदार्थाचा प्रवास शोधायचा, ही हेवेशीची पद्धत पुढे रसायन, जीवशास्त्र आणि वैद्यक या साऱ्यांच्या कामी आली. १९४३ चं रसायनाचं नोबेल त्याला याच पद्धतीसाठी मिळालं.

आपल्या घरच्या माणसाचा संबंध असलेला एक किस्सा इथे सांगायलाच हवा. १९६४ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉइलने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. तो त्याने कोल्हापुरात जन्मलेल्या आपल्या विद्यार्थ्यासोबत, जयंत नारळीकरांसोबत, तयार केला होता. व्याख्यान संपल्यावर स्टीफन हॉकिंग हा संशोधक विद्यार्थी काठीच्या आधाराने उभा राहिला आणि म्हणाला, की अमुक राशी अनंताकडे जाते. तुला कसं कळलं, असं हॉइलने विचारल्यावर उत्तर आलं, की मी ती काढून पाहिली आहे. हॉकिंगने हे गणित बसल्या जागी मनातल्या मनात केलं, अशी समजूत पसरली. वस्तुस्थिती अशी, की केंब्रिजमध्ये हॉकिंगचं नारळीकरांच्या खोलीत येणं-जाणं होतं. नारळीकरांची आकडेमोड त्याला आधीच पाहायला मिळाली होती, आणि त्याने ती सवडीने तपासली होती. दंतकथेत एकट्याची अद्भुत प्रतिभा दिसते. खऱ्या गोष्टीत आपलं अपुरं काम शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला मोकळेपणाने दाखवणारे नारळीकरही दिसतात. विज्ञान चालतं ते या दाखवण्यावर, आणि मराठी वाचकाने किस्सा सांगताना नारळीकरांचा हा वाटा वगळू नये.

काही किस्से असेही आहेत की ज्यांचा पडताळा होऊ शकत नाही, आणि तिथे संपादकांनी ‘असं सांगतात’ हे शब्द प्रामाणिकपणे जोडले आहेत. पाउली प्रयोगशाळेत शिरला की उपकरणं मोडतात, या ‘पाउली परिणामा’वर त्याच्या मित्रांनी कितीतरी गोष्टी रचल्या. ग्योटिंगेनमधलं एक यंत्र बिघडलं तेव्हा पाउली शहरात नव्हता, पण कोपनहेगनला निघालेली त्याची गाडी नेमकी त्याच वेळी ग्योटिंगेन स्थानकात थांबली होती, असं गॅमोने लिहून ठेवलं आहे. यातलं खरं किती, याचा छडा लागणं अवघड. मात्र १५ डिसेंबर १९५८ रोजी झुरिचच्या ज्या रुग्णालयात पाउलीचा मृत्यू झाला, तिथल्या त्याच्या खोलीचा क्रमांक १३७ होता, ही नोंद त्याच्या सहायकाने केलेली आहे. आयुष्यभर ज्या संख्येचं कोडं त्याला छळत होतं तीच ही संख्या. योगायोग विलक्षण आहे, पण तो योगायोग आहे. त्यातून कुठलाही सिद्धांत काढायचा नाही, हे १९३१ चं विडंबन वाचलेल्याला वेगळं सांगावं लागू नये.

पुस्तकाची मांडणी सोपी आहे: आधी विनोद, मग विडंबनं आणि खोड्या, शेवटी किस्से. कुठूनही उघडून वाचलं तरी चालेल. तरी शेवटचा भाग सावकाश वाचावा, कारण प्रत्येक किस्स्यासोबत तो कुणी प्रथम सांगितला, कधी सांगितला आणि फिरता फिरता त्यात काय बदललं, हे दिलं आहे. भौतिकीतल्या गोष्टी जास्त आहेत. रसायन, जीवशास्त्र आणि वैद्यक यांच्या वाट्याला पुढच्या आवृत्तीत अधिक पानं यावीत, अशी माझी संपादकांना विनंती आहे.

वाचकांना मात्र एक काम सांगतो. यातल्या गोष्टी आपल्या मित्रांत, वर्गात, घरी जरूर सांगा. सांगताना साल आणि माणूस नीट सांगा. सांगून झाल्यावर मंडळींतलं सर्वांत लहान माणूस ‘पण हे खरं कशावरून?’ असं विचारेल, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर बसून शोधा. सापडलं तर गोष्ट पक्की होईल, चूक निघाली तर गोष्ट दुरुस्त होईल, आणि दोन्ही वेळा एका नव्या माणसाला विज्ञान म्हणजे काय ते प्रत्यक्ष करून कळेल. असे चार लोक जिथे नेमाने जमतात, हसतात आणि एकमेकांना तपासतात, तिथे विज्ञानाची संस्था उभी राहायला सुरुवात झालेली असते. अशी मंडळं गावोगाव व्हावीत, या इच्छेने हा संग्रह मी वाचकांच्या हाती देतो.